हायवेवरचे डोहाळे

पाचवा महिना लागला तरी नम्रताच्या पोटात काही टिकत नव्हतं. सकाळचा चहा बाहेर, दुपारचा दोन घास भातही बाहेर. तिच्या सासूने, गिरजाने, करून पाहायचं ते सगळं करून पाहिलं होतं. आवळे मिठात घातले, चिंचेचं सार केलं, वालाच्या कोवळ्या शेंगा उकडून दिल्या. शेजारणींनी सांगितलेले उपाय झाले आणि त्या उपायांवरचे उपायही झाले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "हिला जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. फक्त खाऊ द्या."

पण खावंसं वाटेल ते काय, हेच नम्रता सांगेना.

खर्डी स्टेशनापासून आत, भातखाचरांच्या कडेला गिरजाचं घर. माणसं चारच. नवरा कोंडू जन्मभर भात पिकवणारा, दिवसाकाठी मोजकंच बोलणारा. मुलगा हरेश आसनगावच्या बाजूला एका कंपनीत पाळीवर जायचा. आणि ही नम्रता, मुरबाडची मुलगी, बारावीनंतर कॉम्प्युटर शिकलेली. लग्नाआधीपासून ठाण्याला एका ऑफिसात होती, लग्नानंतरही वर्षभर खर्डीहून जात होती. दिवस गेले, प्रवास झेपेना, तेव्हा तिने नोकरी सोडली. नोकरी सोडताना कुरकुर केली नाही. उलट्या होतानाही करायची नाही. गिरजाला तेच खुपायचं. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

एका दुपारी अंगणात वाल सोलता सोलता गिरजाने पुन्हा विचारलं, "सांग ना गो. डोहाळे मनात दाबून ठेवले तर पोराचे कान फुटतात म्हणं."

नम्रता खाली मान घालून हसली. "तुमी हसाल."

"नाय हसणार."

"थाई करी."

गिरजा विचारात पडली. "कुठल्या ताईची?"

"ताईची नाय हो आई. थाई. थायलंड देश हाय ना, तिकडची. हिरवी असते. नारळाचं दूध, चिकन, भातावर घालून खायची. ठाण्याला माझी मैत्रीण हेतल न मी पगार झाला की खायचो." एवढं बोलून ती ओशाळली. "जाऊ दे. आपलं उगाच."

गिरजाने पाहिलं, हे बोलताना सुनेच्या तोंडाला खरंच पाणी सुटलं होतं. तिने शेंगांची टोपली बाजूला सारली आणि तडक रस्त्यावर आली. कोपऱ्यावर धाऊची रिक्षा उभी होती. धाऊ वरच्या पाड्यातला, खर्डी स्टेशनावर रिक्षा चालवणारा. तालुक्यात कुठे काय मिळतं हे त्याला ठाऊक असायचं.

"धाऊ, थायलंडचं जेवण कुठं मिळंल रे?"

दुसरा कोणी असता तर हसला असता. धाऊ म्हणाला, "शहापूरच्या अलीकडं, हायवेला, पेट्रोलपंपाच्या बाजूला. नवीन गाडी लागते. हत्ती काढलाय मोठा. थायलंडच लिवलंय, मी वाचलंय."

गिरजाला वाटलं, देवच पावला.

रविवारी हरेशला दुसरी पाळी होती. "आई, तुमी कशाला जाताय, मी मोबाइलवरनं मागवतो," तो म्हणाला. "आपल्या गावात तुझा मोबाइल भाकरीपण आणून देत नाय," असं म्हणून गिरजाने त्याला डबा देऊन कंपनीत धाडलं. मग तिने भाच्याच्या लग्नातली जांभळी साडी काढली. कोंडूला धुतलेला सदरा दिला. कोंडूने विचारलं, "मी कशाला?"

"घरातली पोटुशी बाई डोहाळ्याचं जेवायला निघाली न तुमी खळ्यावर बसणार? चला."

कोंडूने टोपी घातली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा धाऊची रिक्षा पंपाशी पोचली. गाडी खरंच होती. हिरवा टेंपो, एका बाजूची फळी वर उघडलेली, आत शेगडी, बाहेर चार टेबलं, आणि अख्ख्या पाठीवर झुलीचा हत्ती. आजूबाजूला गिऱ्हाईक मात्र नव्हतं. पलीकडच्या वडापावच्या टपरीवर गर्दी होती, चहावाल्याकडे ट्रकवाले उभे होते, आणि या गाडीपुढे प्लॅस्टिकच्या रिकाम्या खुर्च्या.

काळी टोपी, काळं ॲप्रन घातलेला एक तिशीतला माणूस त्यांना पाहून असा धावत आला, की गिरजाला वाटलं कोणी ओळखीचाच आहे. "या काकी, या काका, बसा. मी दिपेश. काय घेणार?"

नम्रता बोर्ड वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला. किती आठवड्यांनी गिरजाने तो चेहरा असा पाहिला होता! "ग्रीन करी हाय, आई. खरंच हाय."

"मग आण बाबा," गिरजा दिपेशला म्हणाली. "सुनेला आण, आमालापण आण. आमच्या रिक्षावाल्याला काय पाहिजे ते आण."

धाऊने नूडल मागितल्या.

जेवण यायला बराच वेळ लागला. आत भांडी पडल्याचा आवाज झाला, दिपेशचं स्वतःशीच पुटपुटणं झालं. मग तो दोन्ही हातांत वाडगे घेऊन आला आणि टेबलावर मांडून अदबीने बाजूला उभा राहिला.

करी हिरवी होती यात वाद नव्हता. होळीला पोरं लावतात तशी हिरवी. वर तेलाऐवजी पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. नम्रताने चमचाभर भातावर घेतली आणि तोंडात घातली. ती गोड होती. पायसासारखी गोड, आणि त्या गोडात न शिजलेल्या आल्याचा दोरा. चिकनचा तुकडा दाताखाली दबायचा आणि दात उचलला की पुन्हा होता तसा व्हायचा.

तिने मान वर केली. समोर सासू जांभळ्या साडीत, खुर्चीच्या अगदी कडेला बसून, श्वास रोखून तिच्याकडे बघत होती.

"छान हाय," नम्रता म्हणाली आणि गिळलं.

गिरजाने सुटकेचा श्वास सोडला आणि स्वतः एक घास घेतला. घास तोंडातच राहिला. हेच खायला ही पोरगी झुरत होती? पण नम्रता खातेय म्हटल्यावर शहरगावची चव अशीच असणार. आपल्याला त्यातलं काय कळतं! "बरंच हाय की," ती म्हणाली, आणि कोंडूकडे असं पाहिलं की त्याने बोलायला उघडलेलं तोंड घास घालून बंद केलं.

कोंडूचं दुःख वेगळंच होतं. करी त्याला कळत नव्हती, पण भात कळत होता. ताटातला भात खाली गोळा झालेला आणि वर कणीदार होता. त्याने एक शीत बोटांत घेऊन दाबलं आणि शेजाऱ्याच्या घरात दुःखद घटना घडल्यासारखी मान हलवली.

"धाऊ, कशा हायत नूडल?" गिरजाने हाक मारली.

"फर्स्टक्लास," धाऊ रिक्षेजवळून म्हणाला.

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आल्याच्या दोऱ्याने आलं होतं, पण गिरजाला वाटलं, पोर सुखावली. तिला इतकं भरून आलं की तिने दिपेशला हाक दिली, "अजून एक वाडगा आण रे बाबा. आमच्या सुनेला आवडलंय."

"नको आई, पुरे..."

"लाजतेस काय? दोन जिवांची बाई तू."

दुसरा वाडगा आला. नम्रताने त्याच्याकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि चमचा उचलला.

दिपेश हरखला होता. त्याने खिशातून मोबाइल काढला. "काकी, दोन शब्द बोला ना. मी गाडीच्या पेजवर टाकतो. गाडी लावल्यापासून कोणी अख्खा वाडगा संपवलाय असं आजच झालं."

हे ऐकून नम्रताचा चमचा हवेतच थांबला. पण मोबाइल तिच्यावर रोखलेला होता. "खूप... वेगळी चव हाय," ती म्हणाली. मोबाइल गिरजावर आला. गिरजाने पदर सारखा केला. "आमच्या सुनेला आवडली म्हंजे आमाला आवडली."

"आणि काका, तुमी?"

गिरजाने टेबलाखालून कोंडूचा पाय दाबला. कोंडू जन्मात खोटं बोलला नव्हता. खरं बोलायचीही त्याला फारशी सवय नव्हती. त्याने गाडीकडे पाहिलं.

"हत्ती चांगला काढलाय," तो म्हणाला.

"हो, तो आमच्या गावच्या पेंटरने काढला. पण जेवण?"

कोंडूने पुन्हा विचार केला. बराच केला. "हत्ती खरंच चांगला काढलाय."

नम्रताच्या नाकातून आधी एक बारीक आवाज आला. मग तिने तोंडावर हात धरला. मग तिला राहवलंच नाही. ती हसायला लागली, टेबलावर डोकं ठेवून, खांदे गदगदा हलवत, श्वास लागेपर्यंत. "बाबा," एवढंच तिच्या तोंडून फुटायचं आणि ती पुन्हा हसायची.

गिरजा घाबरली. "काय झालं गो? पोटात दुखतंय का?"

"आई, माफ करा. अजिबात चांगली नाय हो. पायसात रंग टाकल्यासारखी लागते!"

"मग खाल्लीस कशाला? वर दुसरा वाडगा!"

"तुमी एवढ्या हौसेनं आणलंत. साडी नेसलात. कसं सांगू?"

"न मी तुला आवडली म्हणून गिळतेय!" गिरजा म्हणाली, आणि तीही हसायला लागली. तिला हसताना पाहून कोंडूने ताट हळूच पुढे सरकवलं. रिक्षेजवळून धाऊ म्हणाला, "वहिनी, माझ्या नूडल कागदात बांधून सीटखाली ठेवल्यात. टाकू का आता?"

हसू जरा ओसरलं तेव्हा त्यांना दिपेश दिसला. तो मोबाइल धरून तसाच उभा होता. चित्रीकरण चालूच होतं. त्याने ते बंद केलं, खुर्ची ओढली आणि बसला.

गिरजा त्याच्याकडे वळली. "रागावू नको रे. आमी गावठी माणसं..."

"नाय काकी," तो म्हणाला. "बरं झालं कोणी बोललं. लोक एक घास घेतात न ताट ठेवून जातात. मला वाटायचं, लोकांना थाई समजत नाय." त्याने टोपी काढली. "खरं सांगू? मी स्वतः थाई कधी खाल्लंच नाय. ज्याला येत होतं तो माझा पार्टनर. गाडी रंगवून झाली न तो पुण्याला निघून गेला. हत्ती काढून झाला होता, मग आता वडापाव कसा विकू? व्हिडिओ बघून करतो. पण व्हिडिओत चव कुठं कळते?"

"गाव कुठलं तुझं?" कोंडूने विचारलं.

"मुरबाडकडचं. सिद्धगडाच्या पायथ्याला."

गिरजाचे डोळे चमकले. "मुरबाडचा? अरे, आमची सून मुरबाडची! म्हंजे तू तिच्या माहेरचा माणूस. माहेरच्यानं डोहाळे पुरवायचे असतात, न तू पोरीला हे खायला घातलंस?"

दिपेश आधी चपापला, मग नम्रताकडे बघून ओशाळवाणा हसला. "चुकलं ताई. काय करू सांगा. कशी असते ती खरी?"

नम्रताने डोळे पुसले. "मला रांधता नाय येत. पण चव माहीत हाय. आधी झणझणीत लागते. मग आंबट. गोड अगदी मागून, असली तर. न गवती चहाचा वास. अजून एक वास असायचा, सुक्या मासळीसारखा."

"जवळा?" गिरजा म्हणाली.

"तसाच काहीतरी."

"जवळा माझ्याकडं हाय," धाऊ म्हणाला. "सकाळी बाजारात घेतला घरी न्यायला."

मग काय, गिरजाने पदर खोचला आणि टेंपोत चढली. दिपेशने नको नको म्हणायच्या आत तिने पातेल्यातली हिरवी करी बादलीत ओतली. मिरच्या, लसूण, कोथिंबीर, आलं मिक्सरला लावलं. आलं या वेळी नीट चिरून. धाऊचा मूठभर जवळा तव्यावर भाजला तेव्हा त्या वासाने पलीकडचे ट्रकवाले वळून बघायला लागले. कोंडू न सांगता उठला, चहावाल्याकडे गेला आणि गवती चहाची जुडी घेऊन आला. मग दिपेशच्या तांदळाच्या डब्यात त्याने हात घातला, मूठ उघडून पाहिली आणि म्हणाला, "तांदूळ बरा हाय. तू धुतोस का?"

"एकदा धुतो काका."

"सरक." भाताच्या राखणीला खळ्यावर राहायचा तेव्हा कोंडू स्वतःपुरतं रांधायचा. परक्याच्या शेगडीवर मात्र हे पहिल्यांदाच.

पहिला घाणा फसला. मिरच्या गिरजाच्या हिशेबाने पडल्या होत्या. दिपेशने चाखली आणि तो खाली उतरून पाण्याचा जग तोंडाला लावून उभा राहिला. नम्रता पुन्हा हसली. दुसऱ्या वेळी मिरच्या कमी, नारळाची पूड गरम पाण्यात घोटून, रंग नाही. नम्रता खालून चमच्याने चाखायची आणि सांगायची. लिंबू. अजून लिंबू. आता मीठ.

करी उकळेपर्यंत गिरजा खाली येऊन तिच्याजवळ टेकली. घामाने तिचं कुंकू पसरलं होतं. "लई चवीनं खायचीस का गो तिकडं?"

"चव होतीच," नम्रता म्हणाली. "न हेतल असायची. ऑफिस सुटलं की आमी दोघी. आपल्या पैशांनी काय वाट्टेल ते मागवायचो. लई हसायचो." तिने हातातला चमचा टेबलावर ठेवला. "मी नोकरी सोडली त्याचं मला इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं, आई. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. मीच सोडली. म्हणून बोलायचं कुणाला?"

गिरजाने तिचा हात हातात घेतला. हाताला लसणाचा वास येत होता. "माझ्याशी बोलायचं. दुसरं कोण हाय घरात? तुझा सासरा हत्तीशिवाय काय बोलत नाय." नम्रता हसली तशी ती पुढे म्हणाली, "पोर होऊ दे. अंगावरचं दूध सुटलं की जा परत. मी सांभाळीन. माझी चार भावंडं मी परकरात असताना सांभाळली, एक नातवंड सांभाळता येणार नाय?"

"खरंच?"

"खोटं बोलून आज काय झालं ते बघितलंस ना?"

भात झाला. कोंडूने झाकण उचललं तेव्हा शीतं मोकळी, उभी होती. त्यावर दिपेशने करी वाढली. रंग फिकट, शेवाळी. वास असा की धाऊ बोलावणं न येता येऊन बसला.

नम्रताने घास घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. "थाई नाय झाली," ती म्हणाली.

दिपेशचा चेहरा पडला.

"आपल्या ठाणे जिल्ह्याची झाली. पण लई भारी झाली!" आणि ती जेवली. भातावर करी, करीवर लिंबू, पुन्हा भात. बोटं चाटून जेवली. गिरजाने मोजलं नाही, दृष्ट लागेल म्हणून बघितलंही नाही. पलीकडच्या टपरीवरचे दोन ट्रकवाले येऊन उभे राहिले. "भाई, ये क्या बना है?" दिपेशने एकदा गाडीवरच्या थायलंडच्या बोर्डाकडे, एकदा नम्रताकडे पाहिलं. नम्रता भरल्या तोंडाने म्हणाली, "बोर्ड मागाहून रंगव दादा, आधी त्यांना वाढ."

निघताना दिपेशने जेवणाचे पैसे घेतले नाहीत. माहेरचा माणूस म्हटल्यावर कसे घेऊ, म्हणाला. गिरजाने बराच हट्ट केला, शेवटी वालाच्या शेंगा पाठवीन असं कबूल करून रिक्षेत बसली. अर्ध्या वाटेपर्यंत ती कान देऊन होती, आता ही उलटीसाठी रिक्षा थांबवायला सांगेल, आता सांगेल. पण नम्रता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हेतलला फोन लावत होती. "अगं ऐक तरी, काय झालं आज..." आणि सगळी गोष्ट हत्तीपासून सुरू.

उतरत्या उन्हात माहुली किल्ल्याचे सुळके लाल झाले होते. धाऊने सीटखालच्या नूडल वाटेत कुठेतरी सोडल्या होत्या. कोंडू त्याच्या शेजारी पुढे बसला होता. आटगाव मागे पडल्यावर त्याने मान वळवली.

"गिरजे, लग्न झाल्यापासून आपण असं भायेर कधी जेवलोच नाय गो."

"नायच जेवलो."

"पुढल्या रविवारी हरेशची पाळी कुठली हाय?"

"पहिली असंल. का?"

"नाय, त्यालापण न्यायला पाहिजे," कोंडू म्हणाला. "त्या गाडीवाल्या पोराला भाताचं अजून एकदा दाखवायला लागंल. एकदा बघून त्याला जमणार नाय."

गिरजाने पदर तोंडाला लावला. पुढे खर्डीचा फाटा आला, धाऊने हॉर्न दिला, आणि नम्रता फोनवर मोठ्याने सांगत होती, "नाय गं, मस्त पोटभर जेवले!"